पुरे कोणी म्हणायचे?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. गायगोधनाची सकाळ होती. साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी ओसरीवर आम्ही सारे फराळाला बसलो होतो. रंगवून सजवलेली गुरे वेशीकडे गेली होती आणि त्यांच्यामागे निम्मे गाव गेले होते, त्यामुळे घरात निवांतपणा होता. माझा नातू अकरा वर्षांचा आहे, भंडाऱ्याला शिकतो. अंगाने चांगलाच सुटला आहे. त्याने डब्यातून चौथा अनारसा उचलला आणि मी, चौतीस वर्षे शाळेत मुले शिकवलेला माणूस, सर्वांदेखत बोलून गेलो, "अरे, पुरे कर आता. आरशात पाहिलेस का कधी स्वतःला?"

त्याचा हात थांबला. जिथून उचलला होता तिथेच त्याने तो अनारसा परत ठेवला, डब्याचे झाकण लावले आणि तो आत निघून गेला. कोणी काही बोलले नाही. माझी आत्या तेवढी बोलली. तिचे वय शहाऐंशीच्या पुढे. तिला आता अर्धेच ऐकू येते, पण हे नेमके ऐकू गेले होते. म्हणाली, "सनाच्या दिवशी लेकराच्या हातचा घास काढतेस का गा? तुले का मालूम, उपाशी राहनं का असते!"

आत्याला मी उत्तर दिले नाही. उत्तर माझ्यापाशी नव्हते असे नाही. या वयात इतके वजन बरे नव्हे, असे डॉक्टरांनी सूनबाईला बजावलेले होते. मी जे बोललो ते मुलाच्या हिताचेच होते. वडीलमाणसाने नाही बोलायचे तर कोणी बोलायचे? ही सारी उत्तरे मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःला दिली. पण त्यांतल्या एकानेही समाधान झाले नाही. मी त्या मुलाला काही समजावले नव्हते. मी त्याला दोष दिला होता. तो दोष खरोखर त्याचा होता काय, हा प्रश्न मात्र मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

आपल्या भाषेत खाणाऱ्याला नावे ठेवण्याची सोय भरपूर आहे. खादाड, हावरट, अधाशी, बकासुर. मिताहाराची थोरवी गीतेपासून आजीबाईपर्यंत सर्वांनी गायिली आहे, आणि जिभेवर ज्याचा ताबा नाही त्याचा मनावरही नसणार, हे आपण लहानपणापासून गृहीत धरून चालतो. तेव्हा एखाद्याचे पोट सुटलेले दिसले की त्या पोटात आपल्याला त्याचा स्वभाव दिसू लागतो. ताप आलेल्या माणसाला आपण विचारतो, "काय झाले?" लठ्ठ माणसाला विचारतो, "काय काय खातोस रे?" एकाकडे आपण वैद्यासारखे पाहतो आणि दुसऱ्याकडे न्यायाधीशासारखे.

बरे, हा न्यायही फार जुना नाही. माझ्या लहानपणी पोट ही लाजेची वस्तू नव्हती. सासरहून आलेली मुलगी अंगाने भरलेली दिसली की तिच्या आईचे डोळे निवत. मुलगी द्यायची ती खात्यापित्या घरी द्यायची, आणि खातेपिते घर ओळखायचे कसे तर घरातल्या कर्त्याच्या पोटावरून. आमच्या भागातली मालगुजारी १९५१ साली कायद्याने गेली. मालगुजाराचे पोट मात्र पुढेही बरीच वर्षे गावाला ठाऊक होते आणि त्याला कोणी हसत नसे. गावात ज्यांची पोटे सुटलेली होती असे दोघे-तिघेच होते, आणि तेच गावाचे मोठे लोक होते. आता गंमत अशी की पोट गरिबाघरी आले, तेव्हापासून त्याची प्रतिष्ठा गेली. ते ज्यांना परवडत होते तोपर्यंत ते वैभव होते. आता ते स्वस्त झाले आणि दुर्गुण ठरले.

ते किती पसरले आहे याची मोजदाद झालेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ठरावीक काळाने होत असते. २००५-०६ साली देशातल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे १३ जणींचे वजन उंचीच्या मानाने जास्त होते. दहा वर्षांनी, २०१५-१६ साली, त्या २१ झाल्या. २०१९-२१ च्या पाहणीत २४. पुरुष ९ वरून १९ वर आणि तिथून २३ वर गेले. हा काही शहरी रोग उरलेला नाही. खेड्यांतल्या शंभर स्त्रियांतही आता जवळजवळ २० जणी यात मोडतात. आणि त्याच पाहणीत, त्याच देशात, शंभरातल्या सुमारे १९ स्त्रिया हव्या त्यापेक्षा बारीक, म्हणजे अपुऱ्या पोसलेल्या आहेत. भूक गेली आणि तिच्या जागी चरबी आली असे घडलेले नाही. दोघी एकाच गल्लीत शेजारणींसारख्या नांदत आहेत.

आता विचार करावा अशी गोष्ट ही, की जिभेवरचा ताबा ही जर व्यक्तीच्या शीलाची बाब असेल, तर पंधरा वर्षांत एका सबंध देशाचे शील असे ढासळले कसे? माझ्या पिढीची माणसे संयमी होती आणि माझ्या नातवाची पिढी जन्मतःच अधाशी निपजली, असे मानायला माझे मन तयार होत नाही. माझ्या पिढीला मी चांगला ओळखतो.

मग बदलले काय?

आत्याच्या तोंडून तिच्या लहानपणच्या जेवणाची हकीकत मी अनेकदा ऐकली आहे. आमचा जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. कोहळी लोकांनी जुन्या काळी बांधलेली तळी अजूनही गावोगाव आहेत. जेवण म्हणजे भात, लाखोरीचे वरण, बांधावरची एखादी पालेभाजी, आणि नशीब असेल त्या दिवशी तळ्यातले मासे नाहीतर झिंगे. धान घरच्या ढेकीत कांडायचे, म्हणजे पोटात भात जाण्याआधी दंडातून घाम जायचा. आणि हाताने कांडलेल्या तांदळावर थोडा कोंडा राहूनच जाई. तेल जवसाचे, तेही उतेऱ्यात, म्हणजे धान उभे असतानाच त्याच्या ओलीवर पेरून निघालेल्या जवसाचे, आणि मोजके. श्रावण-भाद्रपदात कोठीतले धान तळाला गेले की कणकीची पेज. ती पिऊन बायका चिखलात वाकून दिवसभर रोवणी करीत.

हे ऐकून काही मंडळी हरखून जातात आणि म्हणतात, पाहा, आपले पूर्वज किती समतोल खात! मला हे ऐकवत नाही. त्या समतोलाला कोणाची पसंती नव्हती. गंज रिकामा झाला म्हणजे जेवण संपले, इतकाच त्याचा अर्थ. आणि तो गंज सर्वांसाठी सारखा रिकामा होत नसे. आधी पुरुष जेवत, मग मुले, आणि शेवटी घरातल्या बायका बसत तेव्हा तळाची खरवड उरलेली असे. आत्याने ती वर्षानुवर्षे खाल्ली आहे. ज्याला आपण कुटुंबाचा मिताहार म्हणतो त्यात तिच्या उपासाचा वाटा मोठा होता, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

वीसेक वर्षांपूर्वी आत्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी भात निम्म्यावर आणायला सांगितला. दवाखान्यातून परत येताना ती वाटभर गप्प होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "पोटभर भात आता कुठं मिळाले लागला, तं डॉक्टर नाई म्हन्ते." त्यात तक्रार नव्हती. जणू कोणी एखादी गणिताची चूक दाखवून द्यावी तशी ती बोलली.

ती चूक कोठे आहे हे पुढे एका पुणेकर डॉक्टरांच्या कामाविषयी वाचले तेव्हा मला थोडेसे उमगले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या त्या बायका. त्यांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलो भरत. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची मुले ३.५ किलो. पण या चिमुकल्या मुलांचे मोजमाप बारकाईने घेतले तेव्हा दिसले की, त्यांच्या अंगात कमी होते ते मांस. चरबी तितकीशी कमी नव्हतीच. बाहेरून किडकिडीत आणि आतून मेदाळ. याच डॉक्टरांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला आणि जॉन युडकिन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! विद्वानाने स्वतःच्या पोटावर केलेला इतका सभ्य विनोद मी दुसरा वाचलेला नाही.

आईच्या पोटात ज्याला तोटक्यावर भागवायला शिकावे लागले, ते शरीर पुढे सुबत्तेत गेले की मिळेल ते साठवू लागते, असा याचा मथितार्थ तज्ज्ञ लावतात. आमच्या जिल्ह्यात तोटा ही नवी गोष्ट नव्हे. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला, आणि १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटली. तो दुष्काळ आज माझ्या नातवाच्या पोटात बसला आहे असे मी म्हणणार नाही. शास्त्र इतके सरळ चालत नाही. पण आत्याने खाल्लेली खरवड आणि तिला झालेला मधुमेह यांच्यामध्ये काहीच नाते नाही, असेही आता मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. उपासाची सवय झालेल्या शरीराला एकाएकी मुबलक अन्न मिळाले, यात त्या शरीराचा अपराध काय?

आणि अन्न तरी कसले! आमच्या गावात मारुतीच्या पाराजवळ किराण्याचे एक दुकान आहे. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. दुकानाच्या तोंडाशी पाकिटांच्या रंगीत माळा लोंबत असतात, लग्नाच्या मांडवासारख्या. प्रत्येकी पाच रुपये. ही पाच रुपयांची किंमत मोठी शहाणी आहे. सगळे महागते, पण ती हलत नाही, आतला माल तेवढा हळूहळू कमी होत जातो. पाच रुपये ही लहान मुलाच्या मुठीत मावणारी रक्कम आहे, हे कोणीतरी कोठेतरी बसून नीट हेरलेले आहे. आत काय असते? बटाट्याचे नाहीतर मक्याचे पीठ, बाहेर देशाहून जहाजाने आलेले पामतेल, मीठ, साखर आणि जिभेला भुलवणारे मसाले. कार्लोस मोंतेरो या ब्राझिलच्या संशोधकाने २००९ साली अशा अन्नाचा वेगळा वर्ग पाडला. मराठीत त्याला अतिप्रक्रियायुक्त अन्न असे जड नाव मिळाले आहे. सोपे करून सांगायचे तर, जे घरच्या चुलीवर कोणालाच करता येणार नाही ते अन्न.

या अन्नाचा गुण काय, ते अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी केलेल्या प्रयोगात दिसले. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. वीस माणसे एका इस्पितळात ठेवून घेतली. दोन आठवडे त्यांना असले कारखानी अन्न, दोन आठवडे साधे शिजवलेले. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या ताटात साखर, मीठ, चरबी, तंतू यांचे प्रमाण सारखे राखले आणि सांगितले, हवे तेवढे खा. कारखानी अन्नाच्या पंधरवड्यात ती माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी, म्हणजे चार-पाच पोळ्यांइतके, जास्त खाऊ लागली आणि वजनाने सुमारे ०.९ किलो वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. माणसे तीच होती. त्यांचा स्वभाव दर पंधरा दिवसांनी बदलत होता असे तर कोणी म्हणणार नाही. बदलत होते ते ताट.

तेव्हा 'पुरे' हा शब्द पूर्वी गंज म्हणत असे, सण संपला म्हणजे पंचांग म्हणत असे, आणि कांडता कांडता दुखणारे हात म्हणत असत. अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवायचे, कुटायचे, गुळात मळून ठेवायचे, आणि मग खसखशीवर थापून एकेक तळायचा. इतक्या खटाटोपाने होणारी वस्तू वर्षातून एकदाच होते. आणि चार खाल्ले म्हणून बिघडत नाही, कारण उरलेले तीनशे दिवस ती दृष्टीस पडत नाही. आज पाच रुपयांत रोज सण मिळतो आणि त्या सणाला संपण्याची तिथीच नाही. 'पुरे' म्हणण्याचे जे काम पूर्वी साऱ्या व्यवस्थेने वाटून घेतले होते, ते आता आपण एका अकरा वर्षांच्या मुलावर टाकले आहे. त्याच्यासमोर ते कधीच म्हणू नये म्हणून पगार घेणारी हुशार माणसे उभी केली आहेत. आणि तो हरला की त्याला आरसा दाखवतो आहोत.

कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण शेवटी हात त्याचाच ना? कोणी त्याच्या तोंडात कोंबले नव्हते. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. 'तुझा काहीच दोष नाही' असे एखाद्याला म्हणणे हीदेखील त्याची एक प्रकारची मानहानीच आहे. त्यात आपण त्याला माणसातून काढून वाऱ्यावर उडणाऱ्या पाचोळ्यात जमा करतो. माझा नातू पाचोळा नाही. तो चांगला हट्टी आहे, आणि मनावर घेतले तर पुष्कळ काही करू शकेल. पण शक्ती आणि जबाबदारी यांचे काही प्रमाण असावे की नाही? ज्याच्या हातात थोडे आहे त्याचा थोडा दोष, ज्याच्या हातात पुष्कळ आहे त्याचा पुष्कळ. आपण ते प्रमाण उलटे लावतो, कारण मुलाला बोलणे सोपे असते. कारखानदार आपल्या ओसरीवर फराळाला येत नाही.

सरकारचेही काहीसे असेच होते. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कचेऱ्यांतून खाद्यपदार्थांतले तेल आणि साखर दाखवणारे फलक लावावेत असे कळवले. पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रांतून गिल्ला झाला, नागपुरापासून सुरुवात होऊन, की आता समोसा आणि जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार! शेवटी मंत्रालयाला खुलासा करावा लागला की रस्त्यावरच्या विक्रेत्यांच्या मालावर इशारे छापण्याचा असा काही हुकूम नाही. आमच्या गावात त्यावर खूप हशा झाला. मला मात्र वाटले की जिलेबीचा गुन्हा एवढाच, की ती उघड्यावर तळली जाते आणि तिचा पाक सर्वांना दिसतो. पाकिटाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत जे लिहिलेले असते त्याच्याविषयी एवढा गिल्ला कधी झाला? चिली देशाने २०१६ पासून अशा पाकिटांच्या दर्शनी बाजूवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले: साखर जास्त, मीठ जास्त. अक्षरओळख झालेल्या मुलालाही ते वाचता येतात. आपल्याकडे असे शिक्के लावावेत काय, यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट चाललेला आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला, दुकानदाराला, मी एकदा विचारले, "या माळा काढून टाकशील का?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "गुरुजी, मी काढल्या तर समोरचा लावेल. आणि तुम्हीच तर नेत होता की."

होय, मीच नेत होतो. हे सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणे खोटेपणाचे होईल. नातू दीड-दोन वर्षांचा असल्यापासून भंडाऱ्याला मुलाकडे जाताना मी त्या दुकानातून पाकिटे घेऊन जात असे. आजोबा आले म्हणजे पाकीट आले, असे त्याला समीकरणच बसले होते. दारात मला पाहिले की तो माझ्या तोंडाकडे न पाहता पिशवीकडे पाही आणि आम्ही सारे हसत असू. घरून पोहे, मुरमुऱ्याचा लाडू, उकडलेले बोर नेता आले असते. पण पाकीट दिले की तो जसा उजळे तसा लाडवाने उजळत नसे, आणि मला त्याचे ते उजळणे हवे होते. म्हणजे त्याच्या जिभेला ती ओढ लावण्यात माझ्या प्रेमाचाही हात होता, आणि गायगोधनाच्या सकाळी मी त्याला आरशात पाहायला सांगितले.

यंदा दिवाळीला मुले पुन्हा येणार आहेत. परवा सूनबाईचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती जरा चाचरत म्हणाली, "बाबा, त्याला यंदा खाण्यावरून काही बोलू नका हं. तो यायलाच नको म्हणत होता." मी बरे म्हटले. मग बराच वेळ फोन हातात धरून बसलो.

आत्याने तांदूळ भिजत घातले आहेत. पाणी बदलायला तिला आता वाकवत नाही, ते मी बदलतो. काल तिने विचारले, "अनारसे किती करायचे गा यंदा?" मी म्हटले, "नेहमीइतकेच."